नाशिकला नव्याने आलेल्यांची इंग्रजी : पार्श्वभूमी

परमुलखातून आलेल्यांना इंग्रजी शिकवण्याचं काम नाशिकला नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं नाशिकमधल्या शरणपूरच्या ख्रिस्ती वसाहतीत आणली गेली. इंग्रजीच्या जोडीला त्यांना सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई. १८७३ मध्ये आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या ब्रिटिश मिशनरी-प्रवाशाचं निधन झालं, तेव्हा त्याचं पार्थिव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत इथे शिकलेले तरुणही होते. १८७५ च्या सुमारास मिशनने हे काम मोम्बासाजवळ हलवलं.

पुढे सातपूर-अंबडचे कारखाने आले, सिडकोची घरं उभी राहिली. खानदेशातून, पेठ-सुरगाण्याकडून, मग उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसं आली.

इंग्रजीचा प्रश्न घराघरांत पोचला तो २००० साली. मराठी शाळांत तोवर पाचवीपासून असलेली इंग्रजी त्या वर्षी पहिलीपासून सुरू झाली. विरोधक म्हणत होते, आधी मातृभाषा पक्की होऊ द्या. ज्या गुरुजींना इंग्रजी बोलायची सवय नाही त्यांच्या गळ्यात हे घालू नका. समर्थकांचा सवाल होता, पहिलीपासूनची इंग्रजी फक्त फी परवडणाऱ्यांनाच का? हा सवाल रास्त होता, आजही आहे. गुरुजींच्या तयारीवर निदान वाद तरी झाला. घराचा विचार मात्र राहून गेला. सिडकोतल्या दोन खोल्यांत नव्याने राहायला आलेल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या आईपुढे मुलाची इंग्रजीची वही आली. गावी असती तर तिने कुणाला तरी विचारलं असतं. इथे शेजारी कोण राहतं हेही तिला धड माहीत नव्हतं. निर्णय मुलांसाठी झाला आणि त्याचा भार तिच्यावर पडला.

म्हणून अशा नव्याने आलेल्या मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला, तर तो शाळेच्या पुस्तकावर चालवून भागत नाही. औषधाच्या पाकिटावरची मुदत वाचणं, एटीएमच्या पडद्यावर काय विचारलंय ते समजणं, शाळेतून आलेल्या सूचनेचा अर्थ लावणं, इथून सुरुवात हवी. ‘वर्गात इंग्रजीशिवाय बोलायचं नाही’ हा नियम तर नवख्या माणसाचं तोंडच बंद करतो. शेजारच्या बाकावरच्या बाईशी त्या आईची ओळख व्हायची तीही मग होत नाही.

बिहारहून अंबडला आलेल्या कामगाराचा पेच आणखी वेगळा. बँकेचा संदेश इंग्रजीत, महापालिकेतला कारभार मराठीत. नुसती इंग्रजी आली तर पगार जमा झाल्याचं त्याला कळेल, पण नळाला पाणी नाही हे सांगायला तो कुठे जाणार? महापालिकेची विभागीय कार्यालयं सहा आहेत, त्यांपैकी आपलं कोणतं हे आधी ठाऊक हवं. वर्गाने त्याला एकदा तिथवर न्यावं, खिडकीशी उभं राहून मराठीत दोन वाक्यं बोलू द्यावीत आणि परत येऊन तीच तक्रार इंग्रजीत लिहून घ्यावी. शहर बसचंही तसंच. २०२१ पासून ही सेवा महापालिकेकडे आहे. निमाणी बसस्थानकाला जाणारी बस कुठे लागते, हे फळ्यावर लिहून देण्यापेक्षा थांब्यावर जाऊन विचारायला लावलेलं बरं.