बँकॉक–पट्टाया ‘बुलेट ट्रेन’ : विमानाचे तिकीट काढण्याआधी वाचावे असे काही

आम्ही थायलंडच्या सहली आखतो, आणि चौकशी करणाऱ्या जवळपास प्रत्येक कुटुंबाकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो : “विमानतळावरून पट्टायाला बुलेट ट्रेन झाली ना? मग गाडीचे पैसे वेगळे कशाला?”

उत्तर आधीच देतो. अशी ट्रेन आज धावत नाही. योजना खरी आहे, करारही झालेला आहे, पण मोबाइलवर फिरणारी चकचकीत चित्रे ही संकल्पचित्रे आहेत. ती बघून स्वतःच विमानाची तिकिटे काढणाऱ्यांचा सहलीतला एक अख्खा दिवस वाया जातो. हे पत्रक त्यासाठीच आहे.

योजना काय आहे

थायलंड सरकारला बँकॉकचे डॉन म्युआंग आणि सुवर्णभूमी हे दोन विमानतळ आणि पट्टायाच्या पुढचा उतापाओ विमानतळ एकाच हायस्पीड मार्गाने जोडायचे आहेत. लांबी सुमारे २२० किलोमीटर. स्थानके नऊ : डॉन म्युआंग, बांग सू, मक्कासान, सुवर्णभूमी, चाचोएंगसाओ, चोनबुरी, सी राचा, पट्टाया आणि उतापाओ. शहराच्या हद्दीत वेग ताशी १६० किलोमीटर आणि शहराबाहेर २५०. बँकॉक शहरातल्या मक्कासानपासून पट्टायापर्यंत भाडे २७० बाट (थायलंडचे चलन) आणि उतापाओपर्यंत ३३० बाट असे आकडे योजनेच्या कागदांत आहेत. हे सगळे प्रत्यक्षात आले तर बँकॉकहून पट्टाया तासाभराच्या आत येईल. आम्हालाही ते हवेच आहे.

करारावर सह्या २४ ऑक्टोबर २०१९ रोजी झाल्या. एका बाजूला थायलंडची सरकारी रेल्वे, दुसऱ्या बाजूला सीपी या थाई उद्योगसमूहाच्या पुढाकाराने एकत्र आलेल्या कंपन्या. रक्कम सुमारे २२४.५ अब्ज बाट, मुदत ५० वर्षांची. त्यानंतर कोविड आला, विमानतळ ओस पडले आणि पैशांचे गणित फिरले. मूळ करारात सरकार आपला वाटा काम पूर्ण झाल्यावर देणार होते; काम होईल तसे पैसे मिळावेत, अशी दुरुस्ती कंपनीला हवी होती. बांग सू ते डॉन म्युआंग या पट्ट्यात थायलंड–चीन रेल्वेचा मार्गही शेजारूनच जात असल्याने तिथला पाया कोणी बांधायचा, हा आणखी एक गुंता. करारातल्या दुरुस्तीची चर्चा वर्षानुवर्षे लांबली आणि हे पत्रक लिहीपर्यंत या मार्गाचे रूळ पडलेले नाहीत.

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचे भूमिपूजन सप्टेंबर २०१७ मध्ये झाले, तेव्हापासून जमीन, खांब, बोगदे यांत किती वर्षे जातात ते आपण घरबसल्या पाहतोच आहोत. त्यामुळे तिकडे उद्या सकाळी काम सुरू झाले तरी तुमच्या येत्या दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सहलीला ही गाडी मिळणार नाही, हे धरूनच बेत आखा.

मग मित्राने पाहिलेली ट्रेन कोणती?

बहुधा तीनपैकी एक.

पहिली म्हणजे एअरपोर्ट रेल लिंक. सुवर्णभूमीच्या तळघरातून सुटते आणि बँकॉक शहरात फाया थाईपर्यंत जाते. २८ किलोमीटरच्या आसपास अंतर, आठ स्थानके, अर्धा तास, भाडे १५ ते ४५ बाट. ऑगस्ट २०१० पासून चालू आहे आणि उत्तम आहे. बँकॉकलाच उतरणार असाल आणि सामान हातात मावत असेल तर खुशाल वापरा. आम्ही आमची व्हॅन घ्याच असे म्हणणार नाही. पण ही गाडी पट्टायाला जात नाही. ती जाते पश्चिमेला, शहरात. पट्टाया आहे आग्नेयेला. पट्टायाला जायचे म्हणून हिच्यात बसलात तर आधी शहरात शिरायचे, मग फाया थाईला बीटीएस, म्हणजे शहरातली उन्नत मेट्रो, पकडून एक्कामाईच्या बसस्थानकावर जायचे, आणि तिथून बसने पुन्हा विमानतळाच्याच दिशेला यायचे, अशी दुहेरी फेरी होते.

दुसरी म्हणजे सुवर्णभूमीच्या नव्या सॅटेलाइट टर्मिनलपासून मुख्य इमारतीपर्यंत नेणारी चालकाशिवायची छोटी गाडी. ती विमानतळाच्या आतच फिरते आणि इमिग्रेशनच्या अलीकडेच सोडते.

तिसरी म्हणजे बँकॉक–नाखोन राचासिमा हा थायलंड–चीन मार्ग. त्याचे काम मात्र खरोखर चालू आहे. मोठमोठे खांब, क्रेन, गर्डर अशी जी छायाचित्रे येतात ती बहुतेक याचीच. तो मार्ग ईशान्येला जातो. पट्टायाशी त्याचा संबंध नाही.

साधी रेल्वे पट्टायाला आजही जाते. सकाळी सातच्या सुमारास जुन्या हुआ लाम्फोंग स्थानकावरून तिसऱ्या वर्गाची पॅसेंजर सुटते, साडेतीन तासांच्या पुढे घेते आणि तिकीट अगदी स्वस्त असते. हौस म्हणून जायला हरकत नाही. मुंबईहून पहाटे उतरून, बॅगा घेऊन ती गाठायचा विचार मात्र करू नका.

खरी चूक : दोन तिकिटे, दोन विमानतळ

आता मुद्द्याचे. ‘तीन विमानतळ जोडणारी ट्रेन’ हे शब्द वाचून लोक धरून चालतात की बँकॉकचे विमानतळ जोडलेले आहेत, म्हणजे कुठेही उतरा, कुठूनही चढा. मग मुंबई–सुवर्णभूमी तिकीट एका संकेतस्थळावर काढले जाते आणि फुकेत किंवा क्राबीचे स्वस्त तिकीट दुसऱ्या संकेतस्थळावर. मध्ये अडीच-तीन तास दिसतात म्हणून मंडळी निर्धास्त असतात. दुसऱ्या तिकिटावर डॉन म्युआंग लिहिलेले असते, पण दोन्हींवर मोठ्या अक्षरांत ‘बँकॉक’ असल्याने ते नजरेतून सुटते.

तिकिटावरची तीन अक्षरे बघा. सुवर्णभूमीसाठी बीकेके, डॉन म्युआंगसाठी डीएमके, उतापाओसाठी यूटीपी. थाई एअरएशिया, नोक एअर, थाई लायन यांची बहुतांश उड्डाणे डॉन म्युआंगवरून होतात. थाई एअरवेज, एअर इंडिया, इंडिगो सुवर्णभूमीला उतरतात. नकाशावर दोन्ही ठिकाणे जवळ वाटतात, पण रस्त्याने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहेत आणि मध्ये बँकॉकची वाहतूक आहे.

यात वेळ कुठे जातो ते एकदा समजून घ्या. दोन तिकिटे वेगवेगळी असल्याने तुमच्या बॅगा आपोआप पुढच्या विमानात जात नाहीत. त्यामुळे तुम्हाला थायलंडमध्ये रीतसर प्रवेश करावा लागतो. इमिग्रेशनची रांग पाऊण तास धरा; भारतातून येणारी रात्रीची विमाने पहाटे एकामागून एक उतरतात, तेव्हा दीड तासही लागतो. बॅगा यायला अर्धा तास. बाहेर येऊन वाहन मिळेपर्यंत वीस मिनिटे. डॉन म्युआंगपर्यंत रिकाम्या रस्त्याने तास, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत दीड ते दोन. शिवाय पुढच्या विमानाचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो असेच धरायचे. बेरीज करा. सगळे सुरळीत झाले तरी साडेतीन तासांच्या आत ती होत नाही, आणि विमान पाऊण तास उशिरा आले तर सव्वाचार.

म्हणून आमचा नियम असा : दोन विमानतळ असतील तर उतरण्याच्या आणि पुढच्या उड्डाणाच्या वेळांत किमान सहा तास हवेत, विमानतळ एकच पण तिकिटे वेगळी असतील तर चार. काहींना हे अति वाटते. पण विमान चुकले तर पहिली कंपनी हात वर करते, दुसरी नवे तिकीट घ्यायला सांगते. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील तरच पुढच्या विमानाची जबाबदारी विमान कंपनीवर येते. थोडे महाग पडले तरी एक पीएनआर घ्या. चौघांची चार नवी तिकिटे ऐन वेळी काढण्यापेक्षा ते स्वस्तच पडते.

तिकिटे आधीच निघाली असतील तर? दोन्ही विमानतळांदरम्यान विमानतळ प्रशासनाची मोफत शटल बस आहे. पुढच्या विमानाचे तिकीट दाखवावे लागते, म्हणून त्याची छापील प्रत हाताशी ठेवा. रेल्वेनेही जाता येते, पण तीन गाड्या बदलून. सुवर्णभूमीहून रेल लिंकने मक्कासान, तिथून पादचारी पुलाने चालत पेचबुरीचे भुयारी मेट्रो स्थानक, मेट्रोने बांग सू, मग वर चढून लाल मार्गाच्या गाडीने डॉन म्युआंग. प्रत्येक ठिकाणी वेगळे तिकीट. पावणेदोन ते दोन तास धरा. पाठीवर एक बॅग असलेल्या तरुणांना ठीक. आजी-आजोबा, दोन मुले आणि चार सुटकेस असतील तर या वाटेला जाऊ नका.

वजनाचेही पाहा. मुंबईहून येताना साधारण २० ते ३० किलो सामान मोफत असते. पुढच्या स्वस्त विमानात अनेकदा फक्त सात किलोची हातातली बॅग. फराळाचे डबे आणि सुटकेस काउंटरवर ठेवल्यावर जो दर लागतो तो आगाऊ दरापेक्षा बराच जास्त असतो. सामान तिकिटासोबतच विकत घ्या.

उतापाओचे काय?

काही संकेतस्थळांवर ‘पट्टाया’ टाकले की उतापाओ विमानतळ पुढे येतो. हा व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेने उभारलेला, थाई नौदलाचा तळ. पट्टायाहून चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला. मोठा विस्तार ठरला आहे आणि हायस्पीड ट्रेन मुळात त्याच्या भरवशावर आखली आहे. आज मात्र तिथे उड्डाणे मोजकी आणि मुंबई-पुण्याहून नियमित थेट विमान नाही. दोन थांब्यांचे महाग तिकीट घेऊन तिथे उतरण्यात काहीच फायदा नाही.

सुवर्णभूमी ते पट्टाया, आजच्या घडीला

अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत, मोटरवे क्रमांक ७ ने दीड ते दोन तास. टर्मिनलच्या पहिल्या मजल्यावरून पट्टायाची बस सुटते. साधारण सकाळी सात ते रात्री नऊ, भाडे दीडशे बाटच्या आतबाहेर. बस चांगली असते, पण पुढची बस भरलेली असेल तर त्यानंतरच्या बसची वाट पाहावी लागते, आणि ती हॉटेलच्या दारात सोडत नाही. जॉमतिएनकडच्या थांब्यावर उतरून पुढे सोंगथाऊ, म्हणजे मागे दोन बाकडी असलेली निळी पिकअप, पकडायची. एकटादुकटा असाल तर हाच मार्ग घ्या, असे आम्हीच सांगतो.

चौघांपासून पुढे हिशेब बदलतो. व्हॅनमध्ये दहा-बारा आसने असतात म्हणून बारा जणांना एक व्हॅन पुरेल असे वाटते. तसे होत नाही. मोठ्या बॅगा मागे रचल्या की मागची रांग जाते. सामानासह आठ माणसे ही प्रामाणिक मर्यादा. स्वस्त दर सांगणारे अनेकदा इथेच मेख मारतात आणि दोन माणसे मांडीवर बॅग घेऊन दोन तास बसतात. आमच्या दरात टोल धरलेला असतो, गाडी विमानाच्या प्रत्यक्ष वेळेनुसार येते आणि विमान उशिरा आले म्हणून जादा पैसे घेतले जात नाहीत. पहिल्या दृष्टीला आमचा आकडा थोडा मोठा दिसतो तो यामुळे.

परतीचा हिशेब उलटा मांडायचा. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर, त्याआधी दोन तास रस्ता, त्याआधी अर्धा तास राखीव. रात्री ११ चे विमान असेल तर साडेपाचला हॉटेल सोडायचे. रविवारी संध्याकाळी सगळे बँकॉक पट्टायाहून घरी परतत असते, त्या दिवशी आणखी एक तास. १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाच्या सणाला, दीड. “अजून एक चक्कर वॉकिंग स्ट्रीटची” असे शेवटच्या संध्याकाळी कुणी म्हणाले तर आमचा माणूस नाही म्हणेल. त्याला तशाच सूचना आहेत.

ट्रेन झाल्यावर गाडी लागणार नाही का?

लागेल, पण थोड्या अंतरासाठी. पट्टायाचे रेल्वे स्थानक सुखुमवित रस्त्याच्या पलीकडे, समुद्रकिनाऱ्यापासून तीन-चार किलोमीटर आत आहे, आणि हायस्पीडचे स्थानकही त्याच परिसरात ठरलेले आहे. तेव्हा स्थानक ते हॉटेल एवढी छोटी गाडी आम्ही देऊ आणि दर त्याप्रमाणे खाली येईल.

आम्हाला काय पाठवावे

तिकीट ‘घेण्याआधी’ त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. त्यात विमानतळाची तीन अक्षरे, टर्मिनल, उतरण्याची वेळ आणि सामानाचे किलो दिसले पाहिजेत. सहल आमच्याकडून घेतली नाही तरी तिकीट तपासून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. माणसे किती, मोठ्या बॅगा किती, सोबत ज्येष्ठ किंवा लहान मूल आहे का, हेही कळवा. त्यावरून व्हॅन ठरते. उतरण्याची वेळ थायलंडची, म्हणजे आपल्यापेक्षा दीड तास पुढची असते. तिकिटावर पहाटे ४ असेल तर ४ च लिहा, मनातल्या मनात भारतीय वेळेत बदलून पाठवू नका. नाहीतर गाडी चुकीच्या वेळी दारात उभी राहते. थायलंडचे डिजिटल आगमनपत्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर मोफत भरता येते. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका, आम्ही फोनवर बसून भरून देतो.