विमानाने चक्रीवादळ शमवता येत नाही
वादळाचा इशारा आला की ‘अमेरिकेने विमानातून रसायन पेरून चक्रीवादळे शमवली, मग आपण का नाही?’ असे पुण्यात हमखास विचारले जाते. याचे मूळ १९६२ ते १९८३ मधील ‘स्टॉर्मफ्युरी’ प्रकल्पात आहे. १९६९ मध्ये ‘डेबी’ वादळात सिल्व्हर आयोडाइड पेरल्यावर वारा एकदा ३१, नंतर १८ टक्के मंदावला, आणि तेवढेच लोकांच्या लक्षात राहिले. पुढे मात्र असे आढळले की गोठणबिंदूखालीही द्रवरूप राहिलेले जे पाणी या रसायनाला लागते, ते अशा वादळांत फारच थोडे असते. शिवाय वादळाच्या डोळ्याभोवतीची ढगांची भिंत आपोआपही बदलते आणि तेव्हा वारा तात्पुरता ओसरतो. पाषाणच्या हवामान संशोधन संस्थेने सोलापूर परिसरात केलेली ढगपेरणी पावसासाठी होती, वादळ रोखण्यासाठी नव्हे.