रुग्णालयजन्य संसर्गातील प्रतिजैविक-रोध, म्हणजे जंतूंनी औषधाला न जुमानणे (खानदेश)

दाखल होताना नसलेला आणि ४८ तासांनंतर उद्भवलेला संसर्ग रुग्णालयजन्य धरतात. लघवीची नळी, व्हेंटिलेटर, शिरेतली सुई आणि शस्त्रक्रियेची जखम या त्याच्या मुख्य वाटा. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास आणि मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस (एमआरएसए) हे जंतू त्यात वारंवार सापडतात. एमआरएसए औषधाचे लक्ष्य असलेले प्रथिनच बदलतो. क्लेबसिएलातील एनडीएम नावाचे विकर (एन्झाइम) कार्बापेनेम ही जड प्रतिजैविके तोडते आणि त्याचे जनुक प्लाझ्मिडवरून (जंतूतील डीएनएच्या सुट्या छोट्या वलयावरून) दुसऱ्या जातीच्या जंतूतही जाते.

जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तरी रोधाचे निदान बिघडते ते बहुधा प्रयोगशाळेत पोहोचण्याआधी. लघवीचा नमुना साध्या तापमानात २ तासांत, जंतू वाढवून पाहण्यासाठी, पेरावा लागतो. धडगाव-अक्कलकुव्याकडून सातपुड्याचा घाट उतरून येणारा नमुना एप्रिल-मेच्या उन्हात तापतो. ई. कोलाय पोषक स्थितीत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे घेताना मिसळलेले मोजके जंतूही मिलिलिटरला लाखावर जातात, खरा संसर्ग असल्याचे भासते आणि गरज नसलेल्याला प्रतिजैविक सुरू होते. असा नमुना ४ अंशांच्या शीतपेटीत ठेवावा. तो २४ तास टिकतो. रक्ताच्या कल्चरची (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची) बाटली मात्र बर्फात कधीही ठेवू नये. प्रौढांत प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त, दोन वेगळ्या जागांहून आणि प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी घ्यावे. डोसानंतर घेतलेल्या रक्तात जंतू अनेकदा उगवत नाही, मग अंदाजाने आणखी जड औषध दिले जाते. हे टाळणे सोपे आहे.

जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे पाहण्याच्या चाचणीत जंतू पेरलेल्या म्यूलर-हिंटन आगारावर (जंतू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर) औषधाच्या चकत्या ठेवतात आणि चकतीभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ मोजतात. या आगाराचा थर ४ मिमी असावा. थर जाड झाला तर वर्तुळ आक्रसून खोटा रोध दिसतो. पातळ झाला तर रोधक जंतूही संवेदनशील ठरतो, आणि ही चूक अधिक घातक. वीज गेल्याने फ्रीज तापला, तर चकत्यांतील औषधाचा जोर उतरतो आणि वर्तुळ लहान पडते. म्हणून प्रमाणित (ज्याचे वर्तुळ किती पडते हे आधीच माहीत आहे अशा) जंतूवर चकत्या नियमित तपासाव्यात. कोलिस्टिन या प्रतिजैविकाची चाचणी चकतीने करू नये. ते आगारात नीट पसरत नाही.

ॲसिनेटोबॅक्टर पलंगाच्या कठड्यावर कोरडा राहूनही आठवडे जगतो. रुग्णाला हात लावण्याआधी व नंतर २० ते ३० सेकंद अल्कोहोल चोळणे हाच त्यावर पहिला उपाय. वॉर्डातील कुलरचे साचलेले पाणी स्यूडोमोनासला पोसते, तेव्हा टाकी नियमित रिकामी करून घासावी. सांडलेल्या रक्तासाठीचे १ टक्का हायपोक्लोराइट रोज ताजे बनवून झाकणाच्या अपारदर्शक कॅनमध्ये सावलीत ठेवावे, कारण उष्णतेने व उजेडाने त्यातला क्लोरीन उतरतो.