वाफ्याच्या फळ्या आणि सरपण: लाकडातले पाणी, धागे आणि योग्य हत्यार

लाकूड निवडताना झाडाचे नाव विचारण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. त्यातले धागे कोणत्या दिशेने गेले आहेत आणि आत पाणी किती आहे. करवत घ्यायची की कुऱ्हाड, ओंडका वाफ्याच्या कडेला लावायचा की जाळायचा आणि जाळायचा तर किती महिन्यांनी, हे बहुतांशी एवढ्यावरच ठरते.

लाकूड बनते ते खोडाच्या लांबीला समांतर असलेल्या बारीक, पोकळ पेशींचे. या पेशी एकमेकींपासून विलग करायला थोडा जोर पुरतो. त्या आडव्या तोडायच्या तर कितीतरी जास्त लागतो. म्हणून आडवे कापायला करवत आणि उभे फोडायला कुऱ्हाड. पाण्याची वाटही त्याच पेशींतून जाते. लांबीच्या दिशेने ते आडव्या दिशेपेक्षा साधारण 10 ते 15 पट वेगाने सरकते, आणि साल तर त्याला जवळजवळ अडवूनच धरते. सालीसकट पडून राहिलेला लांब ओंडका वर्षानंतरही मध्यभागी ओला निघतो तो यामुळे. त्यामुळे सरपणाचे लाकूड आले की लगेच 25 ते 35 सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि ओले असतानाच फोडून टाकावेत. निलगिरीसारखी पिळदार धाग्यांची लाकडे तर वाळल्यावर इतकी हट्टी होतात की घाव घालणाराच थकतो.

ताज्या लाकडाच्या वजनात बरेचदा निम्मे पाणी असते. पूर्ण कोरडे लाकूड, जात कोणतीही असो, किलोमागे साधारण 18 ते 19 मेगाज्यूल उष्णता देते. एकूण वजनाच्या 20 टक्के पाणी असेल तर हा आकडा 14 ते 15 वर येतो आणि 50 टक्के असेल तर 8 च्या आसपास. नुकसान दुहेरी आहे: त्या किलोत जळणारे लाकूड कमी, आणि शिवाय प्रत्येक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे 2.6 मेगाज्यूल खर्ची पडतात. त्यात ज्योत थंड राहिल्याने धुरातले वायू न जळताच वर जातात आणि धुराड्याच्या आतल्या बाजूला डांबरासारखा थर धरतात. हा थर पुढे पेट घेऊ शकतो, म्हणून ओले सरपण जाळणे हा केवळ काटकसरीचा प्रश्न नाही.

सुरू, बाभूळ ही ‘चांगली’ आणि पांगारा ‘वाईट’ असे म्हणतात, त्यामागे घनता आहे. वजनावर मोजले तर तिघांतून मिळणारी उष्णता जवळपास सारखीच. पण पांगारा इतका हलका की तेवढ्याच ढिगात लाकूड फार थोडे भरते आणि भराभर जळून जाते. आग पेटवायला हलके आणि टिकवायला जड लाकूड हाताशी असावे.

वाळले की नाही हे ओलावामापकाने कळते, पण त्याचा आकडा वाचताना चूक होते. बहुतेक मापक कोरड्या लाकडाच्या तुलनेत पाणी दाखवतात. त्यांच्यावरचे 100 टक्के म्हणजे एकूण वजनाच्या 50 टक्के. मापकावर 20 च्या खाली आले की लाकूड जाळण्याजोगे झाले. मोजताना तुकडा नव्याने फोडावा आणि ताज्या पृष्ठभागाच्या मध्यावर, धाग्यांच्या दिशेने सुया टोचाव्यात. टोकाला मोजले तर आकडा फसवा, नेहमी कमीच येतो. मापक नसेल तर ढिगातल्या दोन-तीन तुकड्यांवर खूण करून दर आठवड्याला वजन करावे. कोरड्या हवेत वजन घटायचे थांबले की लाकूड वाळले असे समजावे. मऊ लाकडाला फोडल्यापासून सहा महिने ते वर्ष, जड लाकडाला एक ते दोन वर्षे लागतात. ढीग जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर उंच, शक्यतो एकेरी ओळीत रचावा आणि झाकण फक्त वरून घालावे. चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत वाफ कोंडते आणि लाकडाला बुरशी येते.

आता हत्यारे. ओल्या लाकडाला मोठ्या दातांची आणि दातांमध्ये खोल खाचा असलेली करवत हवी, कारण ओला भुसा चिकट असतो आणि त्याला साठायला जागा लागते. सुतारकामाची बारीक दातांची करवत इथे हमखास अडकते. अर्थात चांगली करवतही अडकते, जेव्हा ओंडका कसा टेकला आहे ते पाहिलेले नसते. दोन्ही टोके टेकलेली आणि मध्ये कापायचे असेल तर वरचा भाग दाबला जातो. वरून एक तृतीयांश कापून बाकीचे खालून वर कापत यावे. एक टोक अधांतरी असेल तर उलटे: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून.

फांद्या छाटायच्या कुऱ्हाडीचे पाते पातळ असते, ते धाग्यांत आडवे रुतते. ओंडके फोडायला तीच वापरली तर ती अडकून बसते. फोडायच्या कुऱ्हाडीचे गाल (पात्याच्या दोन्ही बाजू) जाड हवेत, म्हणजे ते धागे बाजूला रेटतात. डोक्याचे वजन 2.5 ते 3.5 किलो आणि दांडा 80 ते 90 सेंटिमीटर असतो. नवशिक्याने 2.5 किलोच घ्यावी. वजन दुप्पट केले तर घावाची ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट, आणि जड कुऱ्हाडीने वेगच मंदावतो. ओंडका गुडघ्याच्या उंचीहून थोड्या खालच्या ठोकळ्यावर ठेवावा. मोठा असेल तर मध्यावर न मारता कडेकडेने, मुळात असलेल्या भेगेच्या रेषेत मारावे आणि गाठ टाळावी. गाठीभोवती धागे वळलेले असतात, तिथे घाव फुकट जातो. अडकलेली कुऱ्हाड दुसऱ्या कुऱ्हाडीने ठोकू नये. कडक पोलादाचा तुकडा गोळीसारखा उडतो. पाचर आणि घण त्यासाठीच आहेत. ठोकून ठोकून पाचरेच्या डोक्याला आलेले ओठ वेळोवेळी घासून काढावेत आणि डोळ्यांवर चष्मा असावाच.

दांडा घेताना धागे टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेले हवेत. मध्येच बाजूला निघून गेले असतील तर दांडा तिथेच मोडणार. डोके सैल झाले की ते पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी सवय सोडावी. फुगलेले लाकूड लोखंडाच्या भोकात चिरडले जाते आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त सैल होते. नवी पाचर ठोकावी, दांड्याला जवसाचे तेल लावावे. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून टाकू नये. जवसाचे तेल हवेशी संयोग पावताना तापते आणि अशी चिंधी आपोआप पेटू शकते. ती पसरून वाळवावी.

चेनसॉचे पाते घरगुती कामाला 35 ते 40 सेंटिमीटरचे पुरते. त्याच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की यंत्र उसळून अंगावर येते, त्यामुळे टोकाने कापू नये. यंत्रातून जाड किसाऐवजी पीठ पडू लागले की साखळीची धार गेली. जोर वाढवण्यापेक्षा कानस घ्यावी.

बागेच्या लाकडाचे गणित उलटे आहे: तिथे पाणी बाहेर ठेवायचे. सालीलगतचा फिका थर कोणत्याही जातीचा असो, लवकर कुजतो, अगदी सागाचासुद्धा. टिकतो तो आतला गडद गाभा. खांब सर्वात आधी कुजतो तो जमिनीच्या पातळीला, कारण बुरशीला लागणारे पाणी आणि प्राणवायू दोन्ही तिथेच मिळतात. म्हणून सर्वात चांगले लाकूड तिथे खर्च करावे आणि खांबाचे डोके उतरते कापावे. 40 सेंटिमीटर उंच वाफ्याला फळी किमान 38 मिलिमीटर जाडीची आणि दर मीटरला एक खुंटी हवी. ओली माती घनमीटरला दीड टनाहून जड असते आणि पातळ फळ्या फुगवून टाकते. रुंदी 120 सेंटिमीटरच्या आत ठेवली तर दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो. स्क्रू जस्ताचा जाड लेप दिलेले किंवा स्टेनलेस घ्यावेत. कुजू नये म्हणून तांबेयुक्त औषध दिलेले लाकूड साधे लोखंड खाऊन टाकते.

अशा औषध दिलेल्या फळ्यांची उरलेली टोके सरपणाच्या ढिगात कधीही जाऊ देऊ नयेत. जुन्या प्रकारच्या औषधात आर्सेनिक असते. ते काही धुरात जाते, काही राखेत उरते आणि ती राख मग वाफ्यातच पडते. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या आणि डांबरी तेल पाजलेले रेल्वेचे जुने स्लीपर यांनाही हेच लागू आहे. कण्हेरीच्या छाटलेल्या फांद्याही बाजूला ठेवाव्यात, तिचा धूरही विषारी असतो. कापतानाच दोन वेगळे ढीग करावेत, कारण वर्षभर उन्हापावसात राखाडी पडलेले औषध दिलेले लाकूड आणि साधे लाकूड नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाही.