पलंगांचा हिशेब : युवा ऑलिंपिकच्या पडद्यामागची पार्श्वभूमी

युवा ऑलिंपिकच्या, म्हणजे किशोरवयीन खेळाडूंच्या ऑलिंपिकच्या, आयोजनाचा विषय निघाला की आधी स्वयंसेवकांचा आकडा सांगितला जातो. सिंगापूरला २०१० साली ते सुमारे २०,००० होते. आकडा भारदस्त आहे, पण आयोजकांची झोप उडते ती दुसऱ्याच प्रश्नाने : एका खेळाडूसाठी पलंग किती रात्री अडवून ठेवायचा?

मुलांसाठी वेगळ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आधीही होत्या. १९९८ साली मॉस्कोत एक झाली, २००० साली एडिंबरात राष्ट्रकुलाची युवा स्पर्धा सुरू झाली. युवा ऑलिंपिकला मंजुरी मिळाली जुलै २००७ मध्ये, ग्वाटेमाला सिटीत. फेब्रुवारी २००८ मध्ये यजमानपद सिंगापूरकडे गेलं आणि ऑगस्ट २०१० मध्ये उद्घाटन. म्हणजे हातात अडीच वर्षं. मोठ्या ऑलिंपिकच्या यजमानाला त्या काळी सात वर्षं मिळत. सुमारे ३,५०० खेळाडू, २६ खेळ आणि क्रीडाग्राम एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत. खर्चाचा अंदाज सुरुवातीला १०.४ कोटी सिंगापूर डॉलर होता, तो ३८.७ कोटींवर गेला. घाईत मांडलेला अंदाज फुगणारच, हे मान्य. तरी जवळजवळ पावणेचार पट म्हणजे कामाचा आवाकाच मुळात कळला नव्हता, असं माझं मत.

या आवाक्यातला मोठा वाटा एका नियमाचा होता. खेळाडूने स्पर्धेचे सगळे दिवस क्रीडाग्रामातच राहायचं. मोठ्या ऑलिंपिकमध्ये आपली स्पर्धा आटोपली की बरेच खेळाडू दोन-तीन दिवसांत सामान बांधतात. इथे तसं नव्हतं. हेतू चांगला होता : सांस्कृतिक आणि शैक्षणिक कार्यक्रम सगळ्यांना मिळावा, मुलांनी एकमेकांत मिसळावं. ज्युदो आणि ट्रायथलॉनमध्ये तर वेगवेगळ्या देशांची मुलं-मुली एकाच संघात उतरवली गेली. पण दुसऱ्याच दिवशी स्पर्धा संपलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे पुढचे दहा दिवस कुणीतरी भरून काढायचे. त्याचं जेवण, त्याची बस, संध्याकाळचा कार्यक्रम, खोलीत परतलाय की नाही ते पाहणं. शाळा बुडते आणि सराव तुटतो, हा प्रशिक्षकांचा सूर वेगळाच. शिवाय मुलं अल्पवयीन, त्यामुळे साध्या कामालाही जास्तीचा माणूस लागतो. उत्तेजक चाचणीच्या खोलीतसुद्धा मुलासोबत त्याच्या बाजूचं कुणीतरी मोठं माणूस असावं लागतं. ते माणूस म्हणजे आणखी एक ओळखपत्र, आणखी एक पलंग.

त्यानंतरचे यजमान इन्सब्रुक, नानजिंग, लिलहॅमर, ब्युनॉस आयर्स; त्यांतली इन्सब्रुक आणि लिलहॅमरची स्पर्धा हिवाळी. नानजिंगला २०१४ साली पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाची सावली पडली. बाधित भागातल्या खेळाडूंना कुस्तीसारखे अंगाला भिडणारे खेळ आणि जलतरण बंद झालं, काही देशांनी पथकंच मागे घेतली. मोजक्या दिवसांत मुक्कामाच्या आणि स्पर्धांच्या याद्या पुन्हा करणं काय असतं, ते त्या टेबलावर बसलेल्यालाच ठाऊक.

सगळे दिवस राहण्याचा हा नियम मोडला स्वित्झर्लंडमधल्या लोझानने, जानेवारी २०२० च्या हिवाळी स्पर्धेत. १,८७२ खेळाडू दोन तुकड्यांत आले. पहिली तुकडी निघाली की तिच्या जागी दुसरी. या पद्धतीला ‘दोन लाटा’ म्हणतात आणि सगळा घोळ त्या शब्दात आहे. अधिकृत भाषेत ही सुधारणा : खेळाडू वाढले, पलंग वाढले नाहीत. खरंही आहे ते. आधीच्या हिवाळी स्पर्धेत, लिलहॅमरला, जेमतेम ११०० खेळाडू होते. पण लाट म्हटलं की एक ओसरते आणि दुसरी येते, मधला वेळ कुणाला दिसत नाही. अदलाबदल म्हणजे काय ते हाउसकीपिंगवाल्यांना विचारावं. माणसाहून लांब स्कीच्या पिशव्या कॉरिडॉरमध्ये रांगेने उभ्या, एका खोलीची चावी अजून परत यायची आहे आणि त्याच खोलीचा नवा रहिवासी खाली ओळखपत्र चालू करून घ्यायला थांबलाय. खोलीत चादर अर्धी बदललेली. त्यातून क्रीडाग्राम एक नव्हे : लोझानमध्ये विद्यार्थी निवासासाठी बांधलेली गोल इमारत आणि दूर सेंट मॉरित्झमध्ये दुसरं, कारण स्पीड स्केटिंग तिथल्या गोठलेल्या तलावावर होतं.

या पद्धतीत हरवलं काय? पहिल्या तुकडीतल्या मुलाला दुसऱ्या तुकडीतलं मूल भेटलंच नाही. मिसळण्यासाठी केलेला नियम मोडून स्पर्धा मोठी झाली, हे आयोजकांच्या पत्रकांत फारसं येत नाही.

सेनेगलमधल्या डाकारची स्पर्धा २०२२ ची होती, महामारीमुळे ती २०२६ वर गेली. आफ्रिकेतली ही पहिलीच. स्पर्धा डाकार, दियामनियादियो आणि साली अशा तीन ठिकाणी वाटलेल्या. तारीख चार वर्षांनी सरकवली की मैदानं थांबतात, मुलं थांबत नाहीत. २०२२ साठी घाम गाळलेली बहुतेक मुलं २०२६ च्या वयोगटात बसतच नाहीत, तेव्हा पथकांच्या याद्या पहिल्या नावापासून नव्याने कराव्या लागल्या.