सावकाराच्या नावे झालेली जमीन परत मागण्याचा अर्ज: कोण करू शकतो, कुठे करायचा, कोणते कागद लागतात

खरेदीखत नोंदवलं गेलं आणि सातबाऱ्यावर सावकाराचं नाव लागलं की जमीन कायमची गेली, असं धरून कितीतरी घरं गप्प बसतात. महाराष्ट्रात कायदा तसं म्हणत नाही. व्याजाने घेतलेल्या पैशापोटी निव्वळ तारण म्हणून खरेदीखत करून दिलं असेल, तर ते अवैध ठरवून जमीन मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसाला परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. हा अधिकार महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मधल्या कलम १८ ने दिला आहे.

'महाराष्ट्रात' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सावकारी हा विषय राज्यसूचीत, ३० व्या नोंदीत आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. केरळचा कायदा १९५८ चा, कर्नाटकचा १९६१ चा, गोव्याचा २००१ चा, गुजरातचा २०११ चा. तामिळनाडूने २००३ मध्ये आणि कर्नाटकाने २००४ मध्ये अवाजवी व्याजाविरुद्ध स्वतंत्र कायदे केले. पुढे २०२५ मध्ये कर्नाटकाने छोट्या कर्जांच्या जाचक वसुलीवर वटहुकूम काढला आणि त्यात दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद ठेवली. जत, अक्कलकोट किंवा चंदगडच्या माणसाने सीमेपलीकडच्या सावकाराकडून पैसे घेतले असतील, तर पैसे कुठे दिले-घेतले, सावकाराचा परवाना कुठला आणि जमीन कुठल्या गावात, या तिन्ही गोष्टी अर्जात सुरुवातीलाच स्पष्ट लिहाव्यात.

कर्ज देणारा कोण, हेही आधी तपासा. बँक, सहकारी संस्था किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली वित्त कंपनी असेल, तर हा अर्ज चालत नाही. केरळ आणि गुजरातचे सावकारी कायदे अशा वित्त कंपन्यांना लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. त्यांच्याविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर करायची असते, त्याची मदतवाहिनी १४४४८ आहे. बिनव्याजी हातउसने दिलेले पैसेही सावकारीत मोडत नाहीत.

आता पात्रता. अर्ज कर्जदार स्वतः करू शकतो, तो हयात नसेल तर त्याचे वारस करू शकतात. शेतकरीच असायला हवा, अशी अट नाही. कायदा स्थावर मालमत्तेबद्दल बोलतो, त्यामुळे घर, दुकान, प्लॉट यांनाही तो लागू आहे. गहाण टाकलेलं सोनं मात्र या कलमात येत नाही. मालमत्ता अर्जाच्या तारखेपासून मागच्या १५ वर्षांच्या आत सावकाराकडे गेलेली असावी. म्हणजे जून २०१२ मध्ये गेलेल्या जमिनीसाठी जून २०२७ च्या आत अर्ज पडायला हवा. 'बघू पुढच्या सुगीनंतर' म्हणत ही मुदत हातची घालवू नका. सावकार विनापरवाना आहे म्हणूनही अडत नाही. उलट विनापरवाना सावकारी हा कलम ३९ खाली वेगळा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात द्यायचा. सावकारीसाठी तेच जिल्हा निबंधक असतात. तालुक्याला सहायक निबंधकाचं कार्यालय आहे, तिथेही तक्रार देता येते. अर्जात हकीकत तारखेच्या क्रमाने लिहा: किती रुपये घेतले, महिन्याला शेकडा किती दराने, आजवर किती फेडले, खरेदीखत कधी आणि काय सांगून करून घेतलं. तिथल्या तिथे अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, आवक क्रमांकासह.

खरी लढाई कागदांची असते. कायदेशीर दिसणारं खरेदीखत मुळात तारण होतं, हे आपल्याला दाखवायचं असतं. खरेदीखताची प्रत आणि इंडेक्स-२ (नोंदवलेल्या दस्ताचा नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा गोषवारा) जोडा. प्रत घरात नसेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये दस्त शोधता येतो. व्यवहाराच्या आधीचा आणि नंतरचा सातबारा, आठ-अ, फेरफार, ओळखपत्र, आणि वारस असाल तर वारस नोंद हे लागतंच. त्या वर्षीचा रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला जमिनीचा, दर जरूर जोडा. बाजारभावाच्या कितीतरी खाली झालेली 'विक्री' बरंच काही सांगून जाते. खरेदीनंतरही जमीन तुम्हीच कसत असाल तर पीकपाहणीच्या नोंदी, वीजबिल, पाणीपट्टी, शेतसाऱ्याच्या पावत्या काढा. पैसे फेडल्यावर जमीन परत फिरवून देण्याचा करार, साधी चिठ्ठी, बँकेतून गेलेले हप्ते, फोनवरचे संदेश, सगळं ठेवा. कोरे चेक किंवा सह्या केलेले कोरे स्टॅम्प दिले असतील तर त्यांचे क्रमांक लिहा.

बरेच अर्ज ज्या मुद्द्यावर पडतात तो असा: एका सुट्या व्यवहारावरून समोरचा माणूस सावकारीचा धंदा करतो, हे सिद्ध होत नाही. म्हणून त्याच्याकडून पैसे घेतलेल्या गावातल्या इतर लोकांची प्रतिज्ञापत्रं मिळवा आणि त्याच्या नावावर झालेल्या इतर खरेद्यांचे इंडेक्स-२ काढा. लोक पुढे यायला घाबरतात हे खरं आहे, पण चार जणांनी एकत्र अर्ज केले की प्रत्येकाचा अर्ज बळकट होतो.

हिशेबाचा तक्ताही स्वतः करून जोडा. सप्टेंबर २०१४ च्या अधिसूचनेने परवानाधारक सावकारासाठी वार्षिक दर ठरवले. शेतकऱ्याला तारणी कर्जावर ९ टक्के आणि विनातारणी १२ टक्के, बिगरशेतकऱ्याला अनुक्रमे १५ आणि १८ टक्के. महिना शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के होतात. चक्रवाढ व्याज लावायला आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायलाही कायद्याने मनाई आहे.

अर्जानंतर निबंधक चौकशी करतात आणि गरज पडल्यास सावकाराच्या घराची, दुकानाची झडती घेऊन कागद जप्त करू शकतात. आदेशाआधी समोरच्याला नोटीस जाते आणि आक्षेप मांडायला १५ दिवस मिळतात. सुनावणीच्या प्रत्येक तारखेला हजर राहा आणि मूळ कागद जवळ ठेवा, पण कार्यालयात प्रतीच द्या. निकाल विरुद्ध गेला तर आदेशाच्या तारखेपासून एका महिन्यात विभागीय सहनिबंधकांकडे अपील करता येतं. त्यांचा आदेश या कायद्यापुरता अंतिम असतो, त्यानंतर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग उरतो. दरम्यान मारहाण, धमकी किंवा घरी येऊन त्रास देणं सुरू झालं तर निबंधकाच्या निकालाची वाट न पाहता पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत इथल्या फाइलला जोडा.