लायलॅकचा दुसरा बहर: खरा कोणता, खोटा कोणता?

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सी, बॉस्टनकडच्या नातेवाइकांचे फोटो व्हॉट्सअॅपवर यायला लागतात. अंगणातल्या लायलॅकची, म्हणजे जांभळ्या सुवासिक गुच्छांच्या झुडपाची, पानं करपून गळालेली आणि उघड्या काड्यांच्या टोकाला चार-दोन जांभळे गुच्छ. खाली मजकूर: ‘आमचा लायलॅक वर्षातून दोनदा फुलतो!’ मग कोणी त्याला शुभशकुन म्हणतं, कोणी जगबुडीची खूण. खरं तर झुडूप बेजार झालेलं असतं आणि पुढच्या मे महिन्याची फुलं आत्ताच उधळत असतं.

लायलॅक मूळचा बाल्कन प्रदेशातल्या खडकाळ डोंगरांवरचा. 16व्या शतकात तो इस्तंबूलमार्गे पश्चिम युरोपात पोचला आणि पुढे वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेत. न्यू हॅम्पशायरने 1919 मध्ये त्याला राज्यफूल केलं. बॉस्टनच्या अर्नॉल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानात 1908 पासून मे महिन्यातला एक रविवार त्याच्या नावाने साजरा होतो. कुळ मात्र आपल्या घरचंच. मोगरा, जाई, जुई, पारिजातक आणि लायलॅक हे सगळे ओलिएसी कुळातले. फरक आहे तो कळी धरण्याच्या रीतीत, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

मोगरा नव्या फुटव्यावर फुलतो. म्हणून आपण थंडीत त्याची छाटणी करतो आणि उन्हाळ्यात फुलं घेतो. हीच सवय घेऊन परदेशी गेलेला माणूस हिवाळ्यात लायलॅकला कात्री लावतो आणि मेमध्ये नुसती पानं बघत बसतो. लायलॅकची फुलं सरली की नवी फांदी जोमाने वाढते आणि मग तिची वाढ थांबते. टोकाची कळी बहुधा आपोआप सुकून जाते. तिच्या खालच्या समोरासमोरच्या दोन कळ्या फुगतात आणि पुढच्या वर्षीचे गुच्छ त्यांतच तयार होतात. पानगळीनंतर काडीच्या शेवटी ही टपोरी जोडी नुसत्या डोळ्यांनी दिसते. त्यातली एक कळी ब्लेडने उभी चिरून भिंगाखाली धरा. खवल्यांच्या आत दाण्यादाण्यांचा इवलासा गुच्छ तयार असतो. म्हणून छाटणी करायची ती फुलं सरल्यावर लगेच.

मग या कळ्या ऑगस्टमध्येच का उमलत नाहीत? पहिला लगाम पानांचा असतो. फांदीवर निरोगी पानं असेपर्यंत कळ्या दबून राहतात. बुरशीने किंवा उन्हाच्या तडाख्याने पानं लवकर गळाली आणि त्यानंतर हवा उबदार राहिली, तर हा लगाम सुटतो. ऑक्टोबरच्या फोटोचं गूढ एवढंच. उमललेली कळी पुन्हा मेमध्ये उमलत नाही, तिथला गुच्छ कमी झाला तो झालाच.

दुसरा लगाम कळीच्या आत असतो, आणि तो मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतो. शेजारशेजारच्या वनस्पतीपेशी प्लाझ्मोडेस्माटा नावाच्या सूक्ष्म वाटांनी जोडलेल्या असतात. वाढीचे निरोप त्या वाटांनी ये-जा करतात. पॉपलर आणि बर्च या झाडांवरच्या संशोधनात असं दिसलं की, दिवस लहान झाले की या वाटांत कॅलोज नावाच्या बहुशर्करेची बुचं बसतात. पॉपलरमध्ये हे काम अॅबसिसिक आम्ल हे संप्रेरक करवून घेतं, असंही दिसलं. वाढणाऱ्या शेंड्याला बाहेरचा निरोपच मिळेनासा होतो. मग कितीही ऊब द्या, कळी हलत नाही. थंडीचे कित्येक आठवडे गेले की गिबरेलिन हे संप्रेरक वाढतं, ग्लुकानेज विकरं बुचं विरघळवतात आणि वाटा मोकळ्या होतात. थंडीची मोजदाद पुरी झाल्याशिवाय वसंताची ऊब उपयोगाची नाही. नेहमीच्या लायलॅकची ही मोजदाद गोठणबिंदूच्या थोड्या वर, साधारण 7 अंश सेल्सियसपर्यंतच्या थंडीत होते. पुण्यात अशी थंडी आठवडेच्या आठवडे मिळत नाही. ‘निळ्या लायलॅकच्या बिया, कुंडीत वर्षभर फुलं’ अशा ऑनलाइन जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. शिवाय नावाजलेले वाण बियांपासून जसेच्या तसे उतरतही नाहीत.

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळच्या डेस्कान्सो बागेत कमी थंडीत फुलणारे वाण तयार झाले. ‘लॅव्हेंडर लेडी’ त्यातला प्रसिद्ध. तिथले बागवान शरद ऋतूत पाणी तोडून झुडपाला झोपवतात. नागपूरच्या संत्रावाल्यांना हे सांगायला नको, बहर धरायला ताण देणं त्यांच्या रोजच्या कामातलं.

आता खरा दुसरा बहर. तो देतात बारीक पानांच्या आशियाई जातींचे संकर. फ्रान्समधला ‘जोसी’ आणि त्याच्यापासून मिशिगनच्या स्प्रिंग मेडो नर्सरीने काढलेला ‘ब्लूमरँग’ हे त्यातले. यांच्या उन्हाळी फुटव्यावर धरलेल्या काही कळ्या झोपी जाण्याआधीच उमलतात. वसंतात पहिला बहर येतो, भर उन्हाळ्यात विश्रांती, मग उन्हाळा उतरताना दुसरा, तोही विरळ. लेबलावर ‘सतत बहर’ असं लिहिलेलं असतं, पण ते विकणाऱ्याचं गणित आहे.

शिवाय वासही तोच नाही. जुन्या लायलॅकच्या वासात लायलॅक अल्डिहाइडं ही सुगंधी द्रव्यं महत्त्वाची. झुडूप ती लिनॅलूल या दुसऱ्या सुगंधी द्रव्यापासून बनवतं, आणि लिनॅलूल तर मोगऱ्याच्या वासातही आहे. बारीक पानवाल्यांचा वास गोड असतो, पण जरा मसालेदार. ‘शुद्ध लायलॅक तेल’ म्हणून मिळणाऱ्या बाटलीवर मात्र विश्वास ठेवू नका. असं तेल व्यापारी प्रमाणावर निघत नाही, अत्तरवाले हा वास इतर द्रव्यं जुळवून बनवतात. रशियात चारऐवजी पाच पाकळ्यांचं फूल सापडलं की मनात इच्छा धरून ते खातात. पाकळ्यांची संख्या चुकणं ही वाढीतली साधी गडबड आहे, तिच्याकडून नवसाची अपेक्षा कशाला?

मला विचाराल तर जागा असेल तिथे आधी जुना लायलॅक लावा. 1916 चा निळसर ‘प्रेसिडेंट लिंकन’ किंवा 1890 चा पांढरा, दुहेरी पाकळ्यांचा ‘मादाम लेमोइन’. जागा अगदीच थोडी असेल तर ‘मिस किम’. कोरियातून 1947 मध्ये आणलेल्या बियांतून तो निवडला गेला. एकदाच फुलतो, पण उशिरा, सुवासिक, आणि त्याला भुरी हा पानांवरचा बुरशीरोग सहसा धरत नाही. ‘ब्लूमरँग’ दाराशी शोभेल, मात्र जुन्या वासाची भरपाई त्याच्याकडून होणार नाही. कोणताही घ्या, त्याला दिवसाचे निदान सहा तास ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी माती हवी. आणि ऑक्टोबरात फुललेल्या झुडपाला खत घालू नका, खाली पडलेली रोगट पानं गोळा करून टाका. तीच बुरशी पुढच्या वर्षी पुन्हा पानं गाळते.